शाळा मुलांना आवडावी, पण गुरुजींना आवडते का?



शाळा आनंददायी असावी यावर आपल्यात कुणाचं दुमत नाही. आपण भिंती बोलक्या केल्या, परसबागा लावल्या, शनिवार दप्तराविना केला. राज्यात २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमही आला. हे सगळं लेकरांसाठी आहे आणि ते योग्यच आहे.

पण त्याच इमारतीत मोठी माणसंही दिवसभर काम करतात. मुख्याध्यापक आहेत, शिक्षक-शिक्षिका आहेत, कुठे शिपाई मामा आहेत, खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत. त्यांना ही जागा आवडते का? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. विचारलाच तर समोरचा हसतो आणि म्हणतो, "पगार मिळतो ना? मग आवडायचं काय त्यात?"

या लेखात मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. जी शाळा शिक्षकांना आवडत नाही, ती मुलांना फार दिवस आवडू शकत नाही. आणि शाळा शिक्षकांना आवडावी यासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टींना ना निधी लागतो, ना शासन निर्णय. त्यासाठी एकमेकांकडे माणूस म्हणून बघावं लागतं.

आनंदाची कामाची जागा म्हणजे काय?

पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांबद्दल आपण ऐकतो. तिथं खेळायला टेबल असतं, बसायला गुबगुबीत गाद्या असतात, फुकट कॉफी असते. हदगाव तालुक्यातल्या एखाद्या वाडी-तांड्यावरच्या शाळेत बसून हे वाचलं की वाटतं, ही आपली गोष्ट नव्हे. खरं आहे. पण माणसाला कामाच्या जागी काय हवं असतं, हे आपल्याच मातीतल्या माणसांनी फार आधी लिहून ठेवलं आहे.

नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. त्या मागण्या आज वाचल्या तरी थांबून विचार करावा लागतो. रविवारी सुटी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. कामाची वेळ ठरलेली असू द्या. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. कामावर जखमी झालेल्या कामगाराला त्या काळात भरपाई द्या. यातली रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला.

आता हीच यादी आपल्या शाळेवर ठेवून बघा. रविवार आहे, पण रविवारी रात्री नऊला ग्रुपवर संदेश पडतो, "सर्वांनी उद्या दहाच्या आत माहिती भरावी." दुपारची सुटी आहे, पण ती खिचडीच्या वाटपात आणि पोषण आहाराची नोंद करण्यात जाते. बऱ्याच मॅडमचा डबा चार वाजता, तोही उभ्या-उभ्या उघडतो. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला पगाराची तारीख विचारून बघा, तो विषय बदलतो. म्हणजे लोखंड्यांची यादी दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावर आली, तरी अजून जुनी झालेली नाही.

नागपूरच्या गिरणीची गोष्ट

आपल्या हदगाववरून जाणारा रस्ता उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरकडे जातो. त्या नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या वेळी त्यांच्यापुढे एक अडचण होती, जी आपल्या सगळ्या मुख्याध्यापकांच्या ओळखीची आहे. ती म्हणजे गैरहजेरी. कामगार रोज येतच नसत.

दुसऱ्या कुणी दंड लावला असता, हजेरीपटावर लाल शाई चालवली असती. इथं त्यांनी वेगळा विचार केला. माणूस का येत नाही? आत उकाडा असह्य आहे. म्हणून हवा खेळती आणि दमट ठेवणारी यंत्रणा बसवली. आगीची भीती आहे, म्हणून आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवले. उद्याची काळजी आहे, म्हणून १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. नियमित येणाऱ्यांचा आणि चांगलं काम करणाऱ्यांचा बक्षीस देऊन सन्मान होऊ लागला. यातल्या बऱ्याच गोष्टी तेव्हा कुठल्या कायद्यात नव्हत्या. ती गिरणी आज नाही. पण तिनं घालून दिलेला धडा अजून आहे. माणूस कामावर रमत नसेल तर आधी जागेत काय खुपतं ते शोधावं, माणसातली खोट शोधण्याची घाई करू नये.

नोकरी सोडून गेलेला एक शिक्षक

दुसरं उदाहरण आपल्या व्यवसायातल्याच माणसाचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला भावाच्या सायकलच्या दुकानात गेले. पुढं त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळं पहिले नांगर जवळजवळ दोन वर्षं पडून राहिले.

१९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर त्यांनी कारखाना हलवला. निवडुंगानं भरलेली ती जागा पुढं किर्लोस्करवाडी झाली. तिथं कामगारांची घरं आली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असं ठरलं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी वसाहतीच्या राखणीचं काम सोपवलं, आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्र निघालं. तेच पुढं 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी घराघरांत गेलं.

मला यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, अन्यायानं दुखावलेला चांगला माणूस भांडत बसतोच असं नाही, तो निघून जातो. मुंबईच्या त्या संस्थेनं एक उत्तम शिक्षक गमावला. आपल्या शाळांतून शिक्षक असे निघून जात नाहीत, कारण नोकरी मिळणंच अवघड आहे. पण ते जागच्या जागी निघून जातात. शरीर वर्गात असतं, मन बदलीच्या यादीत असतं. दोन, ज्याला स्वतःला डावललं गेलं, त्यानं स्वतःच्या जागेत इतरांना डावललं नाही. सासू झाल्यावर सुनेचे दिवस विसरणारे आपल्यात पुष्कळ असतात. आपल्याला ज्या मुख्याध्यापकांनी छळलं त्यांच्यासारखंच आपण वागतोय का, हे खुर्चीत बसणाऱ्यानं अधूनमधून बघावं.

आपल्याकडं यासाठी शब्द आहे

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या घरी खांदेमळण करतात. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी लावून तो मळतात. का? कारण जू तिथंच घासतं. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, गोंडे, मिरवणूक सगळं होतं. पण शहाणा शेतकरी आधी खांदा बघतो, मग झूल चढवतो.

शिक्षकाला बैलाची उपमा दिली म्हणून रागावू नका. अशैक्षणिक कामांच्या काळात आपण स्वतःच ती एकमेकांना देतो! मला म्हणायचं आहे ते असं, की शिक्षक दिनाची शाल, श्रीफळ, पुरस्कार, 'उपक्रमशील शिक्षक' म्हणून फोटो ही झूल आहे. ती वाईट नाही. पण वर्षभर खांदा कुणी बघितला नसेल, तर त्या दिवशीची झूल टोचते.

आणखी एक. आपल्याकडं सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. एखाद्या घरी दरवर्षी नवा गडी लागतो आणि एखाद्या घरी तोच गडी वर्षानुवर्षं राहतो. दोन्हीकडं रक्कम सारखीच असते. मग फरक कशाचा? गावात विचारलं तर लोक सांगतात, "तिथं भाकर मानानं मिळते. लेकरू आजारी पडलं तर मालक दवाखान्यात येतो. चार लोकांत अपमान करत नाही." माणूस टिकवण्याचं सगळं शास्त्र या तीन वाक्यांत येतं.

मग शाळेत काय करता येईल?

आता प्रत्यक्षाकडं येऊ. मुख्याध्यापक, सहशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या हातात असलेल्या पाचच गोष्टी सांगतो.

१) वेळेचा मान ठेवा. शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाच्या आठवड्याला किमान ४५ तासांचं काम धरलं आहे, आणि त्यात पाठाच्या पूर्वतयारीचा वेळ मोजला आहे. म्हणजे तयारी हे काम आहे, फावल्या वेळचा छंद नव्हे. शाळेपुरता एक साधा नियम करता येतो. संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी शाळेच्या ग्रुपवर कामाचा संदेश टाकायचा नाही. खरंच तातडीचं असेल तर फोन करायचा. फोन करायचा म्हटलं की तातडीचं काय आणि नाही काय, ते आपोआप कळतं. वरून आलेला आदेश आपल्याला थांबवता येत नाही, पण आलेला आदेश रात्री अकराला तसाच पुढं ढकलायचा की सकाळी नीट समजावून सांगायचा, हे आपल्या हातात असतं.

२) काम वाटताना न्याय करा. प्रत्येक शाळेत एक 'ऑनलाइनवाले सर' असतात. त्यांना संगणक येतो हा त्यांचा गुन्हा. यू-डायस त्यांनी भरायचं, सरल त्यांनी भरायचं, शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांनीच भरायचे. तसंच रांगोळी, स्वागतगीत आणि पाहुण्यांचा चहा मॅडमकडं, आणि हिशोब व खरेदी सरांकडं. हे कुणी ठरवलं? वर्षाच्या सुरुवातीला सगळी कामं फळ्यावर लिहा, सगळ्यांसमोर वाटा, दरवर्षी फिरवा. ज्याला येत नाही त्याला शिकवा. आपण शिक्षक आहोत, एकमेकांना तरी शिकवू शकतो.

३) चूक बोलता आली पाहिजे. हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी काही दशकांपूर्वी रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला. चांगल्या पथकांत औषध देण्यातल्या चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. निघालं उलटंच. चांगल्या पथकांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. कारण तिथं माणसं चूक लपवत नव्हती, सांगत होती. आपल्या शाळेत एखाद्या शिक्षकाला "माझ्या वर्गातल्या आठ मुलांना अजून वाचता येत नाही" असं मोकळेपणानं म्हणता येतं का? की तपासणीच्या भीतीनं सगळी मुलं कागदावर वाचू लागतात? ज्या शाळेत हे वाक्य बोलता येतं, तिथं त्या आठ मुलांचं काहीतरी होतं. जिथं बोलता येत नाही, तिथं ती आठ मुलं तशीच पाचवीत जातात. म्हणून मुख्याध्यापकांनी मुलांसमोर, पालकांसमोर शिक्षकाला कधी बोलू नये. सांगायचं ते खोलीत बसून सांगावं.

४) साध्या गरजा आधी बघा. शिक्षिकांसाठी कडी लागणारं, पाणी असणारं स्वच्छतागृह. डबा खायला बसता येईल अशी एक जागा. उन्हाळ्यात माठ. नांदेडहून रोज एसटीनं येणारी शिक्षिका दिवसभर पाणी कमी पिते, कारण शाळेत सोय नाही, ही गोष्ट बैठकीत कुणी बोलत नाही. हे बोललं पाहिजे. बक्षिसाच्या रकमेतून आणखी एक कमान उभी करण्याआधी हे झालं पाहिजे.

५) 'आम्ही' म्हणताना सगळ्यांना धरा. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना नावानं हाक मारता का? सहलीला, स्नेहसंमेलनाला त्यांना खुर्ची असते का? नवीन शिक्षणसेवक तीन वर्षं मानधनावर काढतो, त्याला बैठकीत मत विचारलं जातं का? किर्लोस्करवाडी मोठी झाली ती केवळ साहेबांच्या बंगल्यांमुळं नव्हे.

"हे लाड कशाला?"

इथं काही पालक म्हणतील, गुरुजींना सरकारी पगार आहे, सुट्ट्या आहेत, वर पुन्हा लाड कशाला? हा प्रश्न रागानं झटकून टाकण्यासारखा नाही. कापूस-सोयाबीनचा भाव पडल्यावर ज्याच्या घरात पैसा येत नाही, त्याला महिन्याच्या पगाराचा हेवा वाटणं स्वाभाविक आहे. आणि उशिरा येणारे, वर्गात मोबाइल बघणारे शिक्षक नाहीत असंही कुणी म्हणू नये. अशांना जाब विचारलाच पाहिजे. उलट, चांगल्या शिक्षकांना सगळ्यांत जास्त नाउमेद करणारी गोष्ट कुठली असेल, तर काम न करणाऱ्यालाही तीच वागणूक मिळणं. मायेची जागा म्हणजे मोकाट जागा नव्हे.

पण लाड आणि मान यांत फरक आहे. पगार माणसाला शाळेपर्यंत आणतो. वर्गाच्या दारातून आत गेल्यावर तो किती मनानं शिकवेल, हे पगार ठरवत नाही. संक्रांतीनंतर करीच्या दिवशी आपल्या तामशाला बारालिंगाच्या देवळात भाजी-भाकरीची पंगत होते. गावोगावची माणसं भाकरी बांधून आणतात, भाज्या चिरतात, वाढतात. त्यांना कुणी आदेश काढत नाही, कुणी हजेरी घेत नाही. काम आपलं वाटलं की माणूस किती करतो, हे आपल्या तालुक्याला शिकवायची गरज नाही. शाळेचं काम शिक्षकाला तितकं आपलं वाटावं, यासाठी त्याला थोडं ठरवू द्यावं लागतं. कुठला उपक्रम घ्यायचा, वेळापत्रक कसं लावायचं, सहलीला कुठं जायचं, हे त्याला विचारावं लागतं. सगळंच वरून ठरून आलं की माणूस फक्त सही करतो.

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूनं येतो. "सर, जागा रिकाम्या, एका शिक्षकाकडं दोन-दोन वर्ग, वर निवडणुकीची कामं. त्यात तुम्ही माठ आणि डब्याची जागा सांगता?" तक्रार खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागं एक शिक्षक हे प्रमाणही त्याच कायद्यात आहे. यासाठी संघटनेनं लढावं, आपण त्यात असावं. लोखंड्यांनीही निवेदनं देऊनच रविवार मिळवला. पण मोठी लढाई सुरू आहे म्हणून घरातल्या माणसांशी नीट बोलायचं थांबवत नाहीत. वरून होणारा त्रास आपल्या हातात नसेल, पण एकमेकांना देण्याचा त्रास पूर्ण आपल्या हातात आहे.

पालकांना दोन शब्द

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण भाग सभासद तुमच्यातले असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. बैठकीत आपण सहसा बांधकाम, गणवेश आणि खिचडीबद्दल बोलतो. पुढच्या बैठकीत एकच नवा प्रश्न विचारून बघा, "सर, मॅडम, तुम्हाला इथं काम करताना कशाचा त्रास होतो?" आणि उत्तर पूर्ण ऐका. त्यातली एखादी अडचण गावाच्या हातात असते. रस्त्यावरचं गेट, पाण्याची टाकी, शाळेच्या ओट्यावर रात्री बसणारी टोळकी. ती एक अडचण सोडवा.

हे गुरुजींवर उपकार म्हणून करू नका, तुमच्याच लेकरासाठी करा. आपल्या मुलांनी आई-बापाला शेतात राबताना बघितलेलं असतं. पण नोकरी कशी असते, साहेब आणि हाताखालची माणसं एकमेकांशी कशी बोलतात, बाई आणि पुरुष बरोबरीनं काम कसं करतात, हे ती पहिल्यांदा शाळेत बघतात. सात-आठ वर्षं रोज बघतात. मुख्याध्यापक शिपाई मामांवर ओरडतात तेव्हा वर्ग गप्प होतो आणि शिकतो. दोन शिक्षक हसत-हसत एकमेकांचा तास वाटून घेतात तेव्हाही वर्ग शिकतो. हा विषय कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, त्याची परीक्षा होत नाही. पण उद्या तीच लेकरं कुठं ना कुठं कामाला लागतील, काही जण साहेब होतील, आणि जे बघितलं तसंच वागतील.

म्हणून या आठवड्यात एक करा. तुम्ही मुख्याध्यापक असाल तर प्रत्येकाशी पाच-पाच मिनिटं बसा आणि विचारा, जू कुठं घासतंय? सहशिक्षक असाल तर शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याला विचारा. पालक असाल तर वर सांगितलेला प्रश्न विचारा. उत्तरं लिहून ठेवा, आणि त्यातलं जे सगळ्यांत सोपं असेल ते महिनाभरात करून टाका.

तुमच्या शाळेत काय खुपतं आणि तुम्ही त्यावर काय केलं, ते मलाही जरूर कळवा.